बिनबॉनेटची गाडी

माझ्या नवऱ्याला दारू, सिगरेट, शेअर बाजार यांतलं कसलंही वेड नाही. त्याला फक्त गाडी चालवायला आवडतं. आता इंग्लंडात, आमच्या मिल्टन कीन्समध्ये सगळेच गाडी चालवतात, त्याशिवाय इथे दूधही घरात येत नाही. पण बाकीचे कुठेतरी पोचायचं म्हणून चालवतात आणि हा चालवायला मिळावं म्हणून कुठेतरी पोचायचा. इथल्या मराठी मंडळात कुणाचे आईवडील पुण्याहून यायचे असले, की पहिला फोन आमच्याकडे. "शनिवारी फ्री आहेस ना? आईला हीथ्रोवरून पिकअप करशील का प्लीज? माझं ऑन-कॉल आहे रे." हा इकडे बूट घालायलाच लागलेला असायचा. विमानाच्या आधी दीड तास पोचायचा, थर्मासमध्ये चहा न्यायचा आणि लोकांच्या सासवांना वाटेतली सगळी गावं दाखवत घरी आणायचा. त्या सासवा पुण्याला परत गेल्यावर मुलाची चौकशी करायच्या आधी याची करायच्या.

मी स्वतः गाडीच्या वाटेला जात नसे. लायसन्स आहे माझ्याकडे. टेस्ट पास झाले त्याच संध्याकाळी मोठ्या उत्साहात एकटी गाडी घेऊन निघाले, एका राउंडअबाउटच्या, म्हणजे मोठ्या वाटोळ्या चौकाच्या, आतल्या लेनमध्ये शिरले आणि मला बाहेरच पडता येईना. डावीकडे गाड्यांची रांग, आणि मी आत गोल गोल. शेवटी रडकुंडीला येऊन मधल्या गवतावर गाडी चढवली आणि नवऱ्याला फोन केला. तो सायकल दामटत आला तेव्हा मी डॅफोडिल्सच्या पिवळ्या फुलांच्या मधोमध बसले होते. त्यानंतर मी लायसन्स पर्समध्ये ठेवून दिलं आणि रेडवेवरून सायकलने फिरायला लागले. रेडवे म्हणजे आमच्या गावातल्या पायी नि सायकलने जाणाऱ्यांच्या लालसर वाटा. त्यांवर राउंडअबाउट नसतात, हा त्यांचा सगळ्यात मोठा गुण.

फेब्रुवारीत एका दुपारी नवऱ्याला ऑफिसच्या कँटीनमध्ये फिट आली. तोवर साधं डोकंही न दुखणारा माणूस. हॉस्पिटलमध्ये सगळ्या तपासण्या झाल्या, मेंदूचा स्कॅन झाला आणि कन्सल्टंट बाईंनी सांगितलं की डोक्यात काहीही सापडलं नाही. "हे मी तुम्हाला स्कॅनशिवाय सांगितलं असतं," मी म्हणाले. बाई हसल्या. नवरा हसला नाही, कारण त्यांचं पुढचं वाक्य त्याने आधीच ओळखलं होतं. सहा महिने गाडी चालवायची नाही. त्या काळात पुन्हा फिट आली नाही, तर लायसन्स परत मिळेल.

घरी आम्ही बसने आलो. ज्या गावात याने पंचवीस वर्षं गाडी हाकली, तिथे बस कुठे थांबते हे त्याला ठाऊक नव्हतं. मी त्याला हाताला धरून स्टॉपवर नेलं. बसमध्ये तो पुढच्या सीटवर ड्रायव्हरच्या मानेकडे बघत बसला होता, आणि ड्रायव्हरने ब्रेक लावला की याचा उजवा पाय खाली दाबला जायचा. मला त्याची इतकी दया आली की मी खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढचे काही आठवडे घरात नुसतं सुतक. मंडळाचे फोन बंद झाले. लोकांना त्याला दुखवायचं नव्हतं, म्हणून ते टॅक्सी करत होते आणि ते गुपचूप टॅक्सी करतात हे कळून तो जास्त दुखावत होता. घरून काम करायचं, जेवायचं आणि फोनवर व्हिडिओ बघायचे, एवढाच दिनक्रम. एकदा मी मागून डोकावले. व्हिडिओत एक दाढीवाला माणूस करवतीने एक जुनी गाडी कापत होता.

"हे काय?"

"हॉट रॉड. जुनी गाडी घ्यायची, जड असेल ते सगळं काढून टाकायचं, जमिनीला टेकेपर्यंत बसकी करायची, इंजिन उघडं ठेवायचं. लुक ॲट दॅट. काय भारी दिसते ना?"

मला ती अंघोळीतून टॉवेलशिवाय धावत सुटलेल्या पोरासारखी दिसली, पण कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडून 'भारी' हा शब्द निघाला होता. मी गप्प राहिले, आणि तिथेच फसले. त्याच आठवड्यात त्याने बकिंगहॅमच्या बाजूच्या एका शेतावर धूळ खात पडलेला पिकअप ट्रक शोधून काढला. सत्तरच्या दशकातला, टायर चिखलात रुतलेला, मागच्या हौद्यात कोंबड्यांनी संसार थाटलेला.

"अरे, तुला गाडी चालवायची परवानगी नाही," मी म्हणाले.

"आणि तिला चालता येत नाही. परफेक्ट मॅच."

पिकअप घरी आणला आमच्या शेजारणीने, तिच्या व्हॅनला ट्रेलर लावून. ही बाई सत्तरी ओलांडलेली, भूगोलाची निवृत्त शिक्षिका. शाळेची नोकरी संपल्यावर तिने वेल्डिंगचा कोर्स केला आणि तेव्हापासून ती भंगारातून बगळे बनवते. आमच्या गल्लीत प्रत्येकाच्या बागेत तिचा एकेक बगळा उभा आहे, नको म्हणायची सोय नाही. पिकअप बघून तिचे डोळे असे चमकले की हा आता माझ्या एकट्या नवऱ्याचा उद्योग राहिलेला नाही, हे मी ओळखलं.

मी एकच अट घातली. नवीन काहीही विकत आणायचं नाही. ब्रेक, टायर, वायरिंग सोडलं तर सगळं भंगारातून नाहीतर घरातून. मला वाटलं होतं, या अटीवर प्रकरण दोन आठवड्यांत थंड होईल. त्याने अट अक्षरशः पाळली आणि लगेच शिडी लावून माळ्यावर चढला.

माळ्यावर माझ्या रुखवताचं खोकं होतं. इंग्लंडला येताना सासूबाईंनी बळेबळे जहाजाने पाठवलेली स्टीलची भांडी, वर्षानुवर्षं न उघडलेली. ज्यांच्या घरी अशी भांडी आहेत त्यांना ठाऊक असेल, प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांनी देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. चिंचवडच्या मावशीने दिलेलं मोठं ताट नवऱ्याने उजेडात धरलं आणि म्हणाला, "डॅशबोर्ड!"

"मावशीने ऐकलं तर?"

"मावशी खूश होईल. पंचवीस वर्षं आपण त्यात एक घास तरी जेवलोय का?"

त्या ताटाला भोकं पाडून घड्याळं बसवली. वेगाच्या काट्याचं भोक नेमकं माझ्या नावावर आलं, त्यामुळे आता तिथे मधे नुसता काटा आणि खाली 'हिस चिंचवडच्या मावशीकडून लग्नाप्रीत्यर्थ सप्रेम भेट' एवढंच उरलंय. एका पातेल्याचं झाकण इंजिनवरच्या एअर फिल्टरवर गेलं. उभट डबा रेडिएटरचं जादा पाणी साठवायला लागला. पितळी बत्ता गिअरच्या दांड्यावर बसला आणि फार देखणा दिसला, पण तो इतका जड की धक्का बसला की गिअर आपोआप सुटायचा. मग एका सकाळी मी पोळ्या करायला गेले तर लाटण्याला एकच मूठ. दुसरी गिअरवर. त्या दिवशी मी जे बोलले ते शेजारणीला कुंपणापलीकडून शब्दही न कळता समजलं, आणि तिने संध्याकाळी मला एक छोटा बगळा आणून दिला.

पण खरं सांगते, ते दिवस मजेचे होते. तो कॅमेरे बंद करून मीटिंग ऐकत ऐकत गंज खरवडायचा. बॉनेट काढलं, बंपर काढले, मागचा हौदा निम्मा कापला, स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवली. चाकांवर मडगार्ड लागतातच असा इथला नियम, तेव्हा शेजारणीने बगळ्याच्या पंखांच्या उरलेल्या पत्र्यातून ती केली. छप्परसुद्धा कापून बुटकं करायचं दोघांच्या मनात होतं. "मला मान वाकडी करून बसायला लावलंत तर मी त्यात पाऊल ठेवणार नाही," मी म्हणाले, तेव्हा ते वाचलं. त्याच्या नखांत काळं ग्रीस आणि चेहऱ्यावर जुनी कळा आली. दुपारचा चहा तो गॅरेजमध्येच, गाडीच्या सीटवर बसून, एक हात स्टिअरिंगवर ठेवून प्यायचा. लीड्सला हॉस्पिटलमध्ये नोकरी करणारी आमची लेक व्हिडिओ कॉलवर यायची. जन्म इथलाच, त्यामुळे तिचं मराठी तिच्या स्वतःच्या नियमांनी चालतं. "बाबा, तुझा गाडी सो कूल दिसतो! पण बाबा, औषध घेतलास ना तू?" तो तिला एकेक भाग दाखवायचा आणि शेवटी ठरलेलं वाक्य सांगायचा. "लायसन्स परत आलं की पहिल्या दिवशी मी स्वतः हिला गॅरेजमधून बाहेर काढणार. आणि दसऱ्याला मंडळात हिची पूजा."

हे वाक्य घरात इतकं घुमायचं की मीही मनात दिवस मोजायला लागले. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा गल्लीतली सगळी कुत्री भुंकली. ऑगस्टच्या सुरुवातीला गाडी तपासणीला नेली, अर्थात ट्रेलरवरून. टेस्टवाल्याने ब्रेक बघितले, दिवे बघितले, ताटापाशी थांबून वर काय लिहिलंय ते विचारलं. मी भाषांतर केलं. "आंटीला थँक्स सांगा," तो म्हणाला आणि त्याने गाडी पास केली. यार्डात तिला एक चक्करही त्यानेच मारली. नवरा बाजूला हाताची घडी घालून उभा होता, आपल्या पोरीला परक्याच्या कडेवर बघावं तसा.

सहा महिने भरत आले होते. दुपारची वेळ, मी ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होते. गॅरेजमधून हॉर्न वाजला. एकदा नाही, सलग, थांबेचना. वायरिंगमध्ये काही बिघडलं असेल म्हणून मी हात पुसत पुसत गेले. तो स्टिअरिंगवर पडला होता, त्याचं सगळं अंग थडथडत होतं आणि छातीखाली हॉर्न दाबला गेला होता. शेजारीण धावत आली. आम्ही दोघींनी त्याला कुशीवर केलं, डोक्याखाली माझा ॲप्रन ठेवला. कप फुटून चहा सीटवरून खाली गळत होता. मी घाबरले होते. आयुष्यात इतकी घाबरले नव्हते.

शुद्धीवर आल्यावर बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "हॉर्न कोण वाजवत होतं?"

मी सांगितलं. गाडी गॅरेजमध्ये उभी होती म्हणून हॉर्नवर भागलं, हे त्याला माझ्याइतकंच कळलं होतं. कन्सल्टंट बाईंनी औषध वाढवलं, आता या आजाराला अपस्मार असं नाव दिलं आणि सांगितलं की आजपासून पुढे एक वर्ष. तो नुसती मान हलवत होता. लेक दोन दिवस रजा काढून आली आणि बाबाला न सोडता त्याच्या शेजारी बसून राहिली.

ती गेल्यावर एका संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "विकून टाकू."

"काय?"

"पिकअप. वर्षभर उभी ठेवून गंजवायची का? आणि वर्षानंतर तरी काय गॅरंटी? कुणीतरी घेईल. कोणीतरी चालवेल तरी."

भांडं माझ्या हातात होतं ते मी आपटलं. मावशीचं ताट, माझं लाटणं, सहा महिन्यांचं ग्रीस, सगळं कुणा दाढीवाल्याला देऊन टाकायचं? "कोणीतरी कशाला?" मी म्हणाले. "मी चालवते."

तो वर बघून म्हणाला, "तू?"

बस. एकच अक्षर. त्यात डॅफोडिल्स होते, गवत होतं, सगळं होतं. तो नुसता 'नको' म्हणाला असता तर मी कदाचित गप्प बसले असते. पण त्या 'तू'ने माझ्या डोक्यात असा काही जाळ झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः इन्शुरन्सला फोन लावला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात विचारलं, गाडीत काही बदल केलेत का? मी सुरुवात केली. बॉनेट नाही, बंपर नाहीत, मडगार्ड मूळचे बगळ्याचे, डॅशबोर्ड हे जेवणाचं ताट आहे. ती म्हणाली, "एक मिनिट हं," आणि बराच वेळ संगीत वाजत राहिलं. पण शेवटी कागद आला, आणि त्यावर ड्रायव्हर म्हणून माझं एकटीचं नाव होतं.

शिकवणी सुरू झाली. रविवारी सकाळी शेजारीण गाडी ट्रेलरवरून एका रिकाम्या कार पार्कवर न्यायची आणि मी फेऱ्या मारायची. हॉट रॉड ही शिकायला अतिशय वाईट गाडी आहे, हे मी अनुभवाने सांगते. समोर उघडं इंजिन धडधडत असतं, क्लच दाबायला पायात बैलाचं बळ लागतं आणि बूड जमिनीपासून वीतभर वर. नवरा डावीकडे. तो बोलायचा कमी, करायचा जास्त. म्हणजे मी गाडी जरा वेगात नेली, की त्याचा उजवा पाय धाडकन खालच्या पत्र्यावर. जणू तिकडेही ब्रेक होता. कार पार्क संपून खरे रस्ते आले तशी ती धाडधाड वाढत गेली. त्या जागचा नवा रंग झिजून पत्रा चमकायला लागला.

"पाय आवर," मी म्हणायची.

"मी काहीच करत नाहीये."

"मग भोक कशाने पडतंय?"

"तू थर्डमध्ये टाक आधी. अगं, मिरर! मिरर बघ!"

एकदा तर मी गाडी बाजूला घेऊन उतरले आणि सरळ चालायला लागले. तो बिचारा आतच, कारण गाडी सोडून येता येईना आणि चालवताही येईना. मी बसस्टॉपपर्यंत जाऊन परत आले. तो तसाच, हात मांडीवर ठेवून बसलेला. मला म्हणाला, "मला नीट बसायला येत नाही गं. आयुष्यात कधी इकडे बसलोच नाही." मी आत बसले आणि किल्ली फिरवली.

राउंडअबाउट मात्र मी टाळायचे. मिल्टन कीन्समध्ये राउंडअबाउट टाळून जाणं म्हणजे स्वयंपाकघरात मीठ टाळण्यासारखं, पण मी लहान लहान निवडून, बाहेरच्या लेनमधून, श्वास रोखून पार करायचे. गवतावाल्या त्या मोठ्याच्या वाटेला एकदाही गेले नाही. नवऱ्याने तसं सुचवलंही नाही.

दसरा आला. मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये असतो. मी हिरवी साडी नेसले, साडीचा घोळ गुडघ्यावर पिनांनी बांधला आणि गाडी सुरू केली. झेंडूची माळ रेडिएटरवर. नवरा कुर्त्यात, पायात कोल्हापुरी, मांडीवर पूजेचं ताट घट्ट धरून. उजवा पाय वाटभर धाडधाड. आम्ही शाळेच्या आवारात शिरलो तेव्हा सगळं मंडळ बाहेर आलं होतं, आवाज ऐकूनच आलं असणार. मुलं ओरडत होती. "अरे, वहिनी चालवतायत!" कुणीतरी म्हणालं, आणि मी इतकी खूश झाले की हँडब्रेक ओढायला विसरले. गाडी हळूहळू पुढे जाऊन कुंपणाला टेकली, तेवढं कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही.

पूजा नवऱ्याने केली. कागदाची पानं कापून ती आपट्याची म्हणून वाटतात तसं आमचं इथलं सगळंच थोडं जुळवून घेतलेलं, पण गाडीची पूजा आम्ही साग्रसंगीत करतो. हळदकुंकू, अक्षता, चाकांखाली लिंबं. मुलांच्या हट्टाखातर इंजिनही चालूच ठेवलं होतं. मग त्याने नारळ फरशीवर फोडला, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने, मोठ्या भक्तिभावाने, त्यातलं पाणी बॉनेटवर शिंपडलं.

बॉनेट असतं तर काही बिघडलं नसतं. ते त्यानेच मार्चमध्ये काढलं होतं.

पाणी थेट इंजिनवर. सूंऽऽ असा आवाज झाला, थोडी वाफ आली, इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. हातात अर्धी करवंटी घेऊन नवरा इंजिनाकडे बघत होता. सगळं मंडळ नवऱ्याकडे बघत होतं. दुसऱ्या फिटनंतर तो हसला नव्हता, आणि आता हे.

त्याचे खांदे हलायला लागले. मी पुढे धावले, मला भलतंच वाटलं. पण तो हसत होता. आवाज न करता, मग आवाज करून, मग डोळे पुसत. "मीच काढलं," तो म्हणत होता. "अरे, बॉनेट मीच काढलंय!" हसायची परवानगी मिळाल्यावर मंडळ काय थांबतंय! एका आजींना तर खुर्ची आणून द्यावी लागली.

मग त्याने कुर्त्याच्या बाह्या वर सारल्या. ठिणगी वाटणारा डबा म्हणजे डिस्ट्रिब्युटर, त्यात पाणी गेलं होतं. त्याचं झाकण काढून तो पुरुषांच्या टॉयलेटमध्ये गेला आणि हात वाळवायच्या यंत्राखाली ते धरून उभा राहिला. मागे जरीच्या सदऱ्यांतले चारपाचजण, कुणी तारा धरलेल्या, कुणी सल्ला धरलेला. "अजून थोडं, ओलं आहे बघ आत." "माझ्या आईला हीथ्रोवरून आणलंस तेव्हा पण पाऊस होता ना रे?" मी दाराशी उभी राहून ऐकत होते. कितीतरी महिन्यांनी ती माणसं त्याच्याशी पूर्वीसारखी बोलत होती, आवाज न सांभाळता.

इंजिन पहिल्या किल्लीला पेटलं. मी लिंबं चिरडत निघाले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना नेहमीचा रस्ता कामासाठी बंद होता. पिवळ्या पाट्या आम्हाला वळवत वळवत घेऊन गेल्या, आणि समोर तो आला. गवतावाला. उन्हात लख्ख, चहूबाजूंनी गाड्या. पळायला वाट नव्हती. मी आतल्या लेनमध्ये शिरले. आमचा फाटा जवळ आला, मी डावीकडे बघितलं तर खेटून एक लांबलचक लॉरी. तिच्या चाकाइतकी आमची उंची. फाटा गेला. मी पुन्हा गोल वळले, कान डावीकडे. आता धाडकन आवाज येणार.

आला नाही.

मी नजर टाकली. कोल्हापुरी खाली शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या, झिजलेल्या पत्र्यावर. पट्टा लावलेला, आणि वर सीटवर नवरा मांडी घालून बसला होता. वाऱ्याने कुर्ता फुगलेला. प्रसादाचं खोबरं खात तो मधली डॅफोडिल्सची जागा बघत होता. ऑक्टोबरात तिथे नुसतं गवत असतं.

"फाटा चुकला," मी म्हणाले.

"असू दे," तो म्हणाला आणि खोबऱ्याचा एक तुकडा माझ्या तोंडात घातला. "घे अजून एक फेरी."